संमेलनाचे गाव

कोणत्याही संमेलनाचा इतिहास वाचावयास बसले म्हणजे अध्यक्ष कोण होते, ठराव कोणते झाले, भाषणे कशी वठली, यांविषयी माहिती विपुल मिळते. ते संमेलन त्याच गावी का भरले, दुसरीकडे का भरले नाही, याचा खुलासा मात्र अहवालाच्या प्रारंभी एखाद्या आभारप्रदर्शक वाक्यात दडलेला असतो, आणि वाचक ते वाक्य सहसा ओलांडून पुढे जातो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच करीत आलो. परंतु अशा काही संमेलनांची हजेरीपत्रके एकापुढे एक ठेवून पाहिली, तेव्हा आमच्या ध्यानात आले की, ठरावांहून अधिक काही त्या दुर्लक्षित वाक्यात साठलेले असते. ठराव कोणी करावयाचे, हेच मुळी गाव ठरले त्या दिवशी ठरून गेलेले असते.

राजेरजवाड्यांच्या वकिलांची परिषद असेल तर गोष्ट निराळी. १८१४-१५ साली व्हिएन्नास जमलेल्या मुत्सद्द्यांनी गाडीभाड्याची किंवा खोलीच्या दराची चौकशी आधी केली असेल, असे कोणी म्हणणार नाही. त्यांचा खर्च त्यांच्या त्यांच्या तिजोऱ्यांवर पडला आणि यजमान बादशहाच्या तिजोरीवर त्याहून अधिक पडला. परंतु ज्या कार्यात सगळेच बिनपगारी, ज्याचा कार्यकर्ता दिवसा शाळेत शिकवतो किंवा टपालकचेरीत शिक्के मारतो आणि रात्री आपल्या हौशीचे काम करतो, तेथे संमेलनास जाण्याचा खर्च घरच्या किराणामालाच्या खर्चाशेजारी मांडला जातो. गाव दूर असले तर असा मनुष्य येत नाही. तो तक्रारही करीत नाही. त्याचे नाव हजेरीपत्रकात नसते, एवढीच त्याच्या गैरहजेरीची नोंद. आणि नसलेल्या नावांचा इतिहास कोणी लिहीत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास एस्पेरांतो भाषेच्या जागतिक संमेलनांइतके सोयीचे उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. वॉर्सा येथील नेत्रवैद्य डॉ. झामेनहॉफ यांनी १८८७ साली एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध करून ही नवी भाषा जगापुढे ठेवली. कोणत्याही एका राष्ट्राची नसलेली, म्हणून सर्वांना सारखीच परकी आणि सारखीच आपली, अशी दुसरी भाषा सर्वांनी शिकावी, हा तिचा हेतू. तो हेतू कितपत सिद्धीस गेला, हा वाद येथे काढण्याचे कारण नाही. आमच्या प्रश्नापुरते महत्त्वाचे एवढेच की, या चळवळीपाशी राज्य नव्हते, धर्मपीठ नव्हते, धनकोश नव्हता. शिक्षक, वैद्य, वकील, कारकून, विद्यार्थी, अशा लोकांनी ती चालवली; आणि १९०५ पासून, महायुद्धांसारखी काही अपवादात्मक वर्षे वगळता, तिचे संमेलन दरसाल नव्या गावी भरत आले. कोणत्या गावी किती मंडळी आली याचे आकडे जपून ठेवलेले आहेत. गाव बदलले की माणसे कशी बदलतात, हे त्या आकड्यांवरून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही प्रबंधावरून दिसणार नाही.

पहिली सतरा-अठरा वर्षे ही भाषा कागदावरच नांदत होती. रशियातील मनुष्य फ्रान्समधील मनुष्यास पत्र लिही, मासिके निघत, भाषांतरे होत. पण निरनिराळ्या देशांचे लोक एका दिवाणखान्यात बसून ती बोलू लागले तर एकमेकांचे उच्चार एकमेकांस कळतील की नाही, याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच होता. तेव्हा प्रत्यक्ष भेटणे अवश्य झाले. आणि भेटावयाचे तर कोठे, हा प्रश्न पुढे आला. त्याचे पहिले उत्तर फार व्यवहारी मिळाले. १९०४ च्या ऑगस्टात इंग्लंडचे डोव्हर आणि फ्रान्सचे कॅले या समोरासमोरच्या दोन बंदरांत एक छोटी भेट घडवून आणण्यात आली. मधली खाडी तेहतीस-चौतीस किलोमीटरांची. दोन मोठी राष्ट्रे, दोन भाषा, आणि मध्ये एका आगबोटीचे भाडे! प्रयोगास याहून स्वस्त प्रयोगशाळा युरोपात मिळाली नसती. मंडळी बोलली, एकमेकांस समजली, आणि पुढल्या वर्षी मोठे संमेलन भरवावे असे ठरले.

हे संमेलन पॅरिसास भरावे, असे कोणाच्याही मनात प्रथम आले असते. त्या काळी भाषेचा जोर फ्रान्समध्येच अधिक होता, आणि राजधानीत भरलेल्या सभेची वार्ता वर्तमानपत्रांत ठळक छापली जाते. परंतु मान मिळाला बुलोन या पन्नासएक हजार वस्तीच्या बंदराला. तेथील वकील आल्फ्रेड मिशो यांनी गावातच या भाषेचे एक उत्साही मंडळ उभे केले होते, व यजमानपणाचा भार त्यांनी आपण होऊन अंगावर घेतला. आता हे गाव कसे होते ते पाहावे. इंग्लंडच्या फोकस्टन बंदरातून निघालेली बोट दीडदोन तासांत तेथे लागे. पॅरिसहून आगगाडीचा सरळ रस्ता, अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. समुद्रस्नानाचे गाव असल्याने उन्हाळी पाहुण्यांची गावाला सवय. बड्या हॉटेलांबरोबर साध्या कुटुंबांनी चालवलेली खाण्याराहण्याची घरेही पुष्कळ. मागल्या शतकात इंग्लंडातील कित्येक कर्जबाजारी सद्गृहस्थ सावकारांस चुकवून याच गावी येऊन राहत असत, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तेव्हा थोडक्या पैशांत अब्रूने कसे राहता येईल, हे शास्त्र बुलोनच्या घरमालकिणींस कोणी नव्याने शिकवावयास नको होते. नगरपालिकेचे नाट्यगृह सभेसाठी मिळाले. आणि महिना ऑगस्टाचा, म्हणजे शाळांच्या सुटीचा.

त्या आठवड्यात बुलोनला वीस देशांतील ६८८ माणसे जमली. मोलियरचे एक लहान प्रहसन नव्या भाषेत रंगभूमीवर झाले, आणि ज्यांनी कधी एकत्र तालीम पाहिली नव्हती अशा प्रेक्षकांनी ते समजून घेतले. झामेनहॉफ यांची प्राप्ती बेताची. वॉर्सातील गरीब वस्तीत त्यांचा दवाखाना. त्यांस आपण निर्माण केलेली भाषा शेकडो परक्या मुखांतून ऐकावयास मिळाली ती प्रथम याच गावी. ही भाषा बोलता येत नाही, हा आक्षेप त्या दिवसापासून बंद पडला. या यशाचे श्रेय भाषेच्या रचनेस अवश्य द्यावे. पण त्यातला काही वाटा फोकस्टनच्या बोटीला आणि बुलोनच्या खानावळींनाही पोचतो, असे आम्हास वाटते. तीच मंडळी पॅरिसच्या दराने आठ दिवस राहू शकली असती काय? निदान त्यांतील शाळामास्तरांपैकी कित्येकांनी घरीच बसणे पसंत केले असते.

पुढली काही वर्षे हाच शहाणपणा चालू राहिला. १९०६ साली जिनीव्हा, उपस्थिती ८१८. १९०७ साली केंब्रिज, उपस्थिती १३१७. केंब्रिजच्या निवडीतील मर्म असे की, ते विद्यार्थ्यांचे गाव. ऑगस्टात विद्यापीठाला सुटी लागली म्हणजे तेथील खोल्या रिकाम्या पडतात आणि सभागृहे ओस पडतात. ज्या गावचे नेहमीचे रहिवासी परगावी गेलेले असतात, तेथे पाहुण्यांची सोय लावणे कठीण जात नाही. या संमेलनाची धुरा ज्या तिघांनी वाहिली त्यांपैकी एक, कर्नल जॉन पोलन, हे मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत आयुष्याचा मोठा भाग घालवून स्वदेशी परतलेले गृहस्थ होते, हे आमच्या वाचकांस कौतुकाचे वाटेल. पुढे १९०८ साली ड्रेस्डेन येथे १३६८ जण आले. चार वर्षांत संख्या दुप्पट झाली. चारही गावे आगगाडीच्या मोठ्या रस्त्यांवरची, आणि चारही ठिकाणी आमंत्रण देणारे मंडळ आधीच उभे होते.

आता या आकड्यांच्या चढत्या ओळीत एकदम एक खड्डा येतो. १९१० साली संमेलन अमेरिकेत, वॉशिंग्टन येथे भरले, आणि उपस्थिती ३५७ वर उतरली. त्याच्या पुढल्याच वर्षी अँटवर्पला ती १७३३ झाली. म्हणजे लोकांचा उत्साह ओसरला होता असे नव्हे. मध्ये अटलांटिक महासागर होता. वॉशिंग्टनला जाण्यास आठवडाभराचा जलप्रवास, तितकाच परतीचा, आणि त्या सर्वांचे भाडे. ज्याची सुटी तीन आठवड्यांची त्याची दोन आठवडे लाटांवरच जावयाची! पाच वर्षांनी सॅन फ्रान्सिस्को येथे, युरोपात युद्ध पेटलेले असता, तर अवघी १६३ माणसे जमली.

तेव्हा वॉशिंग्टनची निवड ही चूक होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आम्हालाही तो प्रथम झाला होता. परंतु थोडा विचार करता दुसरी बाजू दिसू लागते. गाव दूर आहे असे आपण म्हणतो तेव्हा कोठून दूर, हे सांगावयाचे आपण विसरतो. बॉस्टनच्या किंवा शिकागोच्या कार्यकर्त्यास बुलोन, जिनीव्हा, केंब्रिज, ड्रेस्डेन, बार्सिलोना ही पाचही गावे तितकीच दूर होती, आणि पाच वर्षे त्याने ती तक्रार मुकाट्याने गिळली होती. सहाव्या वर्षी संमेलन त्याच्या दाराशी आले, तेव्हा युरोपातील हजारभर माणसे गैरहजर राहिली आणि आकडा कोसळला. पण त्याआधीच्या पाच वर्षांत त्याची गैरहजेरी कोणत्याही आकड्यात दिसली नव्हती. जेथे मंडळी पुष्कळ आहेत तेथेच संमेलन भरवावे, म्हणजे मंडळी पुष्कळ येतात. आणि जेथे ते कधी भरत नाही तेथे मंडळी कधी वाढत नाहीत. हा फेरा तोडावयाचा तर एखाद्या वर्षी ३५७ वर समाधान मानावे लागते. सोयीचे गाव निवडणे म्हणजे कोणाची सोय हे निवडणे होय. हा अर्थ मान्य केला की निवड करणाऱ्यांच्या अंगावर एक जबाबदारी येते, आणि ती भाड्याच्या कोष्टकाने फिटत नाही.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या देशात एस्पेरांतोची राष्ट्रीय संस्था १९०६ सालीच निघाली होती, म्हणजे बुलोनच्या दुसऱ्याच वर्षी. परंतु आशियातील पहिले जागतिक संमेलन टोकियोस भरले ते १९६५ साली. मधली साठ वर्षे जपानी कार्यकर्त्याने वर्गणी भरली, मासिके काढली, भाषांतरे केली. आणि सर्व जगाच्या म्हणवल्या जाणाऱ्या संमेलनाची वर्णने मात्र कागदावर वाचली. टोकियोस १७१० माणसे आली. एवढा मोठा मेळावा जमवण्याजोगी शक्ती तेथे आधीपासून असल्यावाचून ती एका वर्षात आली असेल असे वाटत नाही. आफ्रिकेची पाळी तर २०२४ साली आली. टांझानियातील अरुशा हे ते गाव. म्हणजे बुलोननंतर ११९ वर्षांनी! सर्वांस समान असलेल्या भाषेचे संमेलनही सर्वांस समान अंतरावर भरवणे किती कठीण, याचा हा दाखला आहे. आमच्या भारताला तर तो मान २०२५ पर्यंत मिळालेला नाही.

भाडे आणि मुक्काम यांखेरीज आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे सरहद्द. १९०५ सालच्या पश्चिम युरोपात मनुष्य पुष्कळ ठिकाणी पारपत्राखेरीज हिंडू शके. त्यामुळे तिकीट काढले की प्रवासाची सिद्धता झाली, असे त्या पिढीस वाटे. १९१४ साली हा भ्रम दूर झाला. त्या वर्षी संमेलन पॅरिसास ठरले होते, आणि ३७३९ जणांनी आधीच नावे नोंदवली होती. तोवरच्या कोणत्याही वर्षाच्या दुपटीहून ही संख्या अधिक. उद्घाटनाचा दिवस ऑगस्टाच्या आरंभीचा. झामेनहॉफ पतिपत्नी वॉर्साहून निघून कोलोनपर्यंत पोचली, तोच जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. रशियाची प्रजा म्हणून ती दोघे एका क्षणात शत्रुपक्षाची ठरली. पुढे पॅरिस बंद, मागे आलेली वाट बंद. अखेर उत्तरेकडे वळून स्कँडिनेव्हियाच्या मार्गाने, हालअपेष्टा सोशीत, ती घरी परतली. पॅरिसचे संमेलन भरलेच नाही. झामेनहॉफ १९१७ साली वारले. त्यांस पुन्हा संमेलन पाहावयास मिळाले नाही. गाव निवडणाऱ्यांचा यात काही दोष होता असे कोण म्हणेल? रस्ते होते, गाड्या होत्या, खोल्या राखून ठेवल्या होत्या. परंतु त्या दिवसापासून गावाची चौकशी करताना एक नवा प्रश्न विचारणे भाग पडले: तेथे पोचण्याची मुभा कोणकोणास मिळेल?

या प्रश्नाचे महत्त्व पुढल्या काळात वाढतच गेले. १९८७ साली भाषेच्या शताब्दीचे संमेलन वॉर्सास भरले, तेव्हा ५९४६ माणसे जमली. संमेलनांच्या इतिहासात हा सर्वांत मोठा आकडा. शताब्दीचा उत्साह आणि संस्थापकाच्या गावाची ओढ ही कारणे तर होतीच. पण तो काळ युरोपाच्या फाळणीचा होता. पूर्वेकडील देशांच्या नागरिकास पश्चिमेस जावयाचे तर परवाना दुर्मिळ आणि पश्चिमेचे चलन त्याहून दुर्मिळ. वॉर्सास येण्यास मात्र त्या मानाने अडथळा कमी, आणि पश्चिमेकडील पाहुण्यांस तर पोलंड स्वस्तच. दोन्ही बाजूंची दारे ज्या चौकात उघडतात असे ते गाव होते. उलट आफ्रिकेतील किंवा आशियातील कार्यकर्त्यास आजही युरोपातील संमेलनास जाताना विमानाच्या भाड्याइतकीच व्हिसाची धास्ती असते. पैसे कर्जाऊ मिळतात. व्हिसा उसना मिळत नाही.

येथवर आम्ही स्वस्ताई ही निर्भेळ चांगली गोष्ट आहे असे धरून चाललो. पण तिचीही एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हे विवेचन प्रामाणिक होणार नाही. १९२३ सालचे संमेलन जर्मनीत न्यूरेंबर्गला भरले. या गावाचा मान वाजवी होता; जगातील पहिले एस्पेरांतो मंडळ तेथलेच, १८८८ सालचे. उपस्थिती ४९६३ झाली, आणि चौसष्ट वर्षे हा उच्चांक कोणी मोडला नाही. पण ते साल कोणते होते हे विसरू नये. जर्मन मार्काची किंमत त्या उन्हाळ्यात रोज ढासळत होती. ऑगस्टाच्या पहिल्या आठवड्यात एका डॉलरला दहा लाखांहून अधिक मार्क पडत, आणि नोव्हेंबरात तोच डॉलर चार लाख वीस हजार कोटी मार्कांस जाऊन पोचला. ज्याच्या खिशात परदेशी चलन होते त्याला न्यूरेंबर्गची हॉटेले, भोजने, आगगाड्या यांचे दर नगण्य वाटले असतील यात संशय नाही. सारी गर्दी या कारणाने झाली असे आमचे म्हणणे नाही. जर्मनीतील मंडळीही त्यात बरीच असणार, आणि त्यांस घरच्या घरी संमेलन मिळाले. तरी ज्या घरी पाहुण्यास फुकटासारखे जेवण मिळत होते, त्या घरच्या माणसाची जन्माची शिल्लक त्याच आठवड्यात पाण्यात गेली होती. पाहुण्याची स्वस्ताई ती यजमानाची मंदी नव्हे ना, हे पाहण्याचे कर्तव्य बंधुत्वाचा उद्घोष करणाऱ्यांवर तरी आहेच. आणि संमेलन आटोपून महिना लोटला नाही तोच, सप्टेंबराच्या पहिल्या दोन दिवसांत, त्याच न्यूरेंबर्गात जर्मन राष्ट्रवाद्यांचा आणि हिटलरच्या अनुयायांचा प्रचंड मेळावा भरला. नाडलेल्या लोकांच्या गावी कोण कोण येऊन मांडव घालतो, हे एका महिन्यात दिसून आले.

मग गाव निवडावे तरी कसे? एवढी उदाहरणे पाहिल्यावर आमच्या मनात जे उरले ते असे. भाडे, मुक्काम आणि मुभा ही तीन मापे लावावीच लागतात, आणि ती सर्वांत दुबळ्या सभासदाच्या खिशास व त्याच्या पारपत्रास लावावी लागतात. अध्यक्षांच्या सोयीने लावलेले माप खोटे पडते. परंतु चौथी गोष्ट या तिहींहून मोठी आहे, आणि ती कोणत्याही दरपत्रकात सापडत नाही. बुलोनला मिशो होते, केंब्रिजला ते तिघे होते. ज्या गावी पाहुण्यांस स्थानकावर उतरवून घेणारी, खोल्यांचे दर आधी ठरवून ठेवणारी, नगरपालिकेकडे वर्षभर खेटे घालणारी माणसे नाहीत, ते गाव कितीही स्वस्त असले तरी परक्या पाहुण्यास महागच पडते. लग्नाला आलेल्या वऱ्हाडाचे जानवसघर चांगले होते की वाईट, हे भिंतींवरून ठरत नाही, तेथे राबणाऱ्या माणसांवरून ठरते. या राबण्याचा मोबदला कोणी मागत नाही. म्हणून तो हिशेबात धरला जात नाही, आणि संमेलन थोडक्यात झाले असे सगळे म्हणतात. खरे पाहता ते थोडक्यात झालेले नसते. खर्चाचा एक मोठा भाग गावच्या पाचदहा माणसांनी आपल्या रात्री देऊन भागवलेला असतो. निवड करणाऱ्यांनी त्यांच्या पाठीवर किती ओझे टाकतो आहोत, हेही पाहावे.

एस्पेरांतोच्या मंडळींनी या अडचणींवर काही उपायही काढले, ते नोंदण्यासारखे आहेत. १९०८ साली स्थापन झालेल्या त्यांच्या जागतिक संघटनेने गावोगाव प्रतिनिधी नेमले. परका सभासद त्या गावी आला तर त्यास वाट दाखवणे, चौकशीचे उत्तर देणे, हे त्या प्रतिनिधीचे काम. १९७४ पासून आपल्या घरी पाहुण्यास बिनखर्चाने उतरवून घेण्यास तयार असणाऱ्यांची एक सूची निघू लागली. संमेलनाच्या शुल्कातही दुर्बल देशांच्या सभासदांस सवलत देण्याची वहिवाट पडली. गाव एकच असावयाचे, म्हणून ते कोणाला तरी दूर पडणारच. पण ज्यास ते दूर पडेल त्याचा भार इतरांनी थोडा उचलावा, हा या साऱ्यांचा मथितार्थ. एकाच गावी कायम बस्तान न ठोकता संमेलन फिरते ठेवण्याचा त्यांचा मूळ निश्चय हा तर सर्वांत मोठा उपाय होय. दूर राहण्याची पाळी सर्वांस आळीपाळीने यावी, एवढाच न्याय या बाबतीत शक्य आहे. आणि तोही देण्यास त्यांस जपानच्या बाबतीत साठ वर्षे आणि आफ्रिकेच्या बाबतीत त्याच्या दुप्पट लागली.

या लेखाचा शेवट आम्ही एका मुलाच्या हकिगतीने करू. बुलोनच्या ६८८ जणांत जिनीव्हाचा एक शाळकरी मुलगा होता. नाव एडमंड प्रिव्हा, वय सोळाच्या आतले. जिनीव्हा ते बुलोन हे अंतर त्या वयास थोडे नव्हे, तरी खुश्कीच्या वाटेने गाठण्याजोगे होते. त्या आठवड्यात त्याने जे पाहिले ते त्यास जन्मभर पुरले. पुढे तो या भाषेचा मोठा वक्ता झाला, झामेनहॉफ यांचे चरित्र त्याने लिहिले, आणि राष्ट्राराष्ट्रांतील न्यायाच्या प्रश्नांकडे त्याचे लक्ष वळले. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतणारे महात्मा गांधी रोमाँ रोलाँ यांच्या भेटीसाठी स्वित्झर्लंडात थांबले, तेव्हा हे प्रिव्हा पतिपत्नी त्यांच्यासमवेत निघाले आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्यांच्याबरोबर मुंबई बंदरात उतरले. त्या प्रवासावर त्यांनी फ्रेंच भाषेत पुस्तक लिहून आपल्या देशाची बाजू युरोपीय वाचकांपुढे मांडली.

पहिले संमेलन बुलोनऐवजी वॉशिंग्टनला भरले असते, तर जिनीव्हाच्या त्या मुलाने त्याचे वृत्त फार तर एखाद्या मासिकात वाचले असते. त्याच्यावाचून चळवळ बंद पडली असती असे नाही. जगात माणसे पुष्कळ. परंतु त्याच्यासारखी किती मुले वॉशिंग्टनच्या वर्षी घरी राहिली, आणि टोकियोत, नैरोबीत, पुण्यात किती मुले वर्षानुवर्षे घरीच राहिली, याचा हिशेब कोणत्या हजेरीपत्रकात मिळणार? संमेलनाचे गाव ठरवावयास बसलेल्या समितीपुढे नकाशा असतो, आगगाड्यांची व विमानांची कोष्टके असतात, हॉटेलांचे दर असतात. त्या कागदांशेजारी या न आलेल्या मुलाची एक रिकामी खुर्ची मांडून ठेवावी, असे आम्हास वाटते. निर्णय मग कोणताही होवो. तो घेताना समितीची नजर त्या खुर्चीकडे एकदा तरी गेलेली असेल.